फटफटीवरची हाक

व्यंकटरावांच्या घरी रोज सकाळी दोन गोष्टींवरून वाद होई. चहात साखर किती घालायची, आणि मुलाने, भुजंगने, आणलेली बुलेट कधी विकायची. पहिल्या वादात बायकोचं, म्हणजे धुरपताबाईंचं, चाले. दुसऱ्यात कुणाचंच चालत नसे, कारण गाडी अंगणात उभी होती आणि तेवढी जड वस्तू नुसत्या बोलण्याने हलत नाही.

ही बुलेट साधी नव्हती. सिकंदराबादच्या कुणा हौशी साहेबाने ती लांबच्या प्रवासासाठी सजवून घेतली होती. पुढे वाऱ्याला अडवणारी काच, मागे दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या, बसायला गुबगुबीत गादी, आणि हँडलखाली चक्क मोटारीतला स्टिरिओ. पायांपुढच्या लोखंडी गार्डवर उजवीकडे एक स्पीकर, डावीकडे एक. साहेब या गाडीवरून कन्याकुमारीला जाऊन आला होता म्हणे. भुजंग तिच्यावरून जवळच्या पालमला जाऊन येई, आणि आल्यावर साहेबाइतकाच दमलेला दिसे.

गाडी घरी आली तेव्हा स्टिरिओच्या तोंडात एक कॅसेट अडकलेली होती. भुजंगने ती पकडीने ओढून काढली. तिच्याबरोबर आतल्या ज्या वस्तू बाहेर यायला नको होत्या त्याही आल्या. तेव्हापासून स्टिरिओला आवाज होता, पण बोलायला काही नव्हतं. बटण फिरवलं की दोन्ही स्पीकर नुसते खरखर करीत, आणि व्यंकटराव ओट्यावरून म्हणत, "घसा साफ करायलाय. आता भाषण करंल."

मग मस्कतहून चंद्रभान भावजी सुट्टीवर आले आणि त्यांनी मेव्हण्याला, म्हणजे भुजंगला, वॉकमन दिला. तळहाताएवढी पेटी. तीत गाणं वाजे, आणि बोललेलं भरूनही घेता येई. फक्त ऐकायचं ते कानात गोळे घालून, आणि एकट्याने. आमच्याकडे हे नवीन होतं. भुजंग ओट्यावर डोळे मिटून मान हलवत बसला की समोरचे चार जण त्याच्या तोंडाकडे बघत बसत.

"एकट्यानं काय ऐकावं माणसानं," धुरपताबाई म्हणाल्या. "समोर बसलेल्याला पाणी तरी इचार."

आईचं बोलणं भुजंगच्या मनाला लागलं. एका वस्तूत गाणी होती पण आवाज नव्हता, दुसरीत आवाज होता पण गाणी नव्हती. दोघांची सोयरीक जमवली तर घर उभं राहतंय, असा विचार करून तो पालमच्या पंडित मिस्तऱ्याकडे गेला.

पंडित रेडिओ दुरुस्त करी. त्याच्या दुकानात उघडे पडलेले रेडिओ इतके असत की मिस्तरी नेमका कुठे बसलाय ते गिऱ्हाइकाला आधी शोधावं लागे. त्याने वॉकमन उलटापालटा करून पाहिला, गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याचा आवाज त्याच्यात घालायचा?"

"हां."

"कापावं लागंल."

"काय?"

"कानाचं वायर."

भुजंगने मान फिरवली. पंडितने गोळ्यांची वायर कापली, स्टिरिओच्या पोटात दोन ठिकाणी कथलाचे डाग दिले आणि गाणं लावलं. गाणं डाव्या स्पीकरमधून आलं. उजवा गप्प. पंडितने पुन्हा पोट उघडलं, दोन तारा एकत्र पिळल्या, तेव्हा उजवाही बोलू लागला. भुजंगने खुशीत किक मारली. त्याबरोबर गाण्यामागे बुलेटची फटफट स्पीकरमधूनही ऐकू यायला लागली. रेस वाढवली की गाणारी बाई फटफटीवर बसून चालल्यासारखी वाटे.

"ही मधीच कशाला बोलायली?" भुजंग म्हणाला.

"गाडी तिची हाय," पंडित म्हणाला. "बोलणारच." पण त्याने आणखी एक तार काढून गाडीच्या लोखंडाला आवळली आणि फटफट मागे सरली. वॉकमनच्या झाकणाची खिट्टी या सगळ्या ओढाताणीत तुटली. पंडितने सायकलच्या ट्यूबचं एक कडं कापून झाकणावर चढवलं आणि म्हणाला, "कंपनीपेक्षा पक्कं."

भुजंग वाजतगाजत गावात शिरला. पोरं मागे, कुत्री पुढे. अंगणात व्यंकटराव उभेच होते.

"पाटलाचं पोरगं हाईस का अंगारा इकायलास?" त्यांनी विचारलं. मग गाडीकडे न बघता निकाल सांगितला. येत्या बाजाराला गाडी द्यायची आणि तिच्या बदल्यात बैलजोडी आणायची. एका बैलवाल्याशी बोलणंही झालं होतं. "बैल वाजत न्हाई, पर रान तरी नांगरतो. तुझी ही फटफटी शेतीचं एक काम करून दाखीव, एकच, मग ठिवतो मी तिला."

भुजंग दोन दिवस गाडीकडे आणि शेताकडे आळीपाळीने बघत राहिला. काम सापडेना. शेवटी ते त्याला गायरानावर चरताना दिसलं.

चैत्र लागला की बिरू मेंढका आपला कळप घेऊन आमच्या शिवारात येई. रानं मोकळी झालेली असत. संध्याकाळी ज्याच्या रानात कळप बसे त्याला रात्रीतून लेंडीखत मिळे, आणि बदल्यात तो बिरूला ज्वारी आणि दोन वेळची भाकर देई. रिवाज असा होता की बसलेला कळप उठवायचा नाही. जिथे टेकला तिथे तीन-चार रात्री राहणार, मग पुढच्या गावाला जाणार. आणि व्यंकटरावांचं दुखणं असं होतं की गायरानाकडून येताना आधी त्यांच्या चुलतभावाचं, बन्सीधरचं रान लागे, आणि त्याच्या पलीकडे त्यांचं.

बन्सीधर भला माणूस. संध्याकाळी तो बांधावर बाभळीच्या शेंगांचा ढीग करून ठेवी, पाण्याचं टिपाड भरून ठेवी, आणि बिरूची बायको बानूबाई दिसली की चहा टाकायला सांगे. त्याने कुणाला कधी थांबा म्हटलं नाही. पण दोन वर्षं कळप त्याच्याच रानात टेकत होता, आणि व्यंकटरावांच्या वाट्याला जाता जाता वाटेत पडतील तेवढ्याच लेंड्या येत होत्या.

"दादा," भुजंग वडिलांना म्हणाला, "मेंढरं आपल्या रानात आणली तर?"

"कोण आननार?"

भुजंगने अंगणात बोट दाखवलं. व्यंकटरावांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "आन. आनलीस तर ठेव गाडी. न्हाई तर बाजार हाय."

दुसऱ्या दिवशी भुजंग गाडी आणि वॉकमन घेऊन गायरानावर गेला आणि बिरूला म्हणाला, "मामा, मेंढरांला जशी हाक मारता तशी हिच्यात मारा."

बिरू उभा राहिला, पागोटं नीट केलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि हाक मारली. सुरेख हाक होती. भुजंगने ती भरून घेतली, गाडीच्या वायरीची पिन पेटीत खोचली आणि मोठ्याने वाजवली. मेंढरांनी माना वर केल्या, स्पीकरकडे पाहिलं, बिरूकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

"यंत्रात बिघाड हाय," बिरू म्हणाला.

तिकडे कोकरांना पाजत बसलेली बानूबाई हसली. "यंत्राला कशाला नावं ठिवता. तुमी समोर उभं राहून वरडता तवा तरी ऐकत्यात का?"

बिरूने घोंगडीचं दुसरं टोक झटकलं. मग कबूल केलं की कळप मागून हाकायचं काम त्याचं, पण पुढे चालते बानू, आणि मेंढरं चालतात ती तिच्या हाकेवर. बाहेर मात्र कळप बिरूचाच म्हणतात.

बानूबाईने पेटीत बोलायला आधी नाही म्हटलं. मग पेटी काय करते ते नीट विचारून घेतलं. "म्हंजी मी भाकऱ्या थापीत बसले तरी माझी हाक चालनार?"

"चालणार."

"घसा दुखनार न्हाई?"

"तिचा काय दुखणार, पेटी हाय ती."

"आन इकडं," बानूबाई म्हणाली. पण हाक मारण्याआधी तिने भुजंगला बजावलं, "नीट ऐक. चालायची आन् बसायची हाक एकच हाय. झटझट म्हनलं की चालत्यात. लांबवून म्हनलं की बसत्यात. मी तुला झटझट म्हनून देते." आणि तिने पेटी तोंडाशी धरून हाक सुरू केली. हिर्यो, हिर्यो, हिर्यो, हिर्यो. कॅसेटची एक बाजू भरेपर्यंत थांबली नाही. पेटी वाजवून पाहिली तेव्हा चरणारा कळप चालायला लागला आणि बुलेटला येऊन चिकटला. एक मेंढा तर गादीवर पाय देऊन उभा राहिला.

आता या सगळ्या खटाटोपात वॉकमनचे सेल दमले होते. पालमला त्या आठवड्यात बारीक सेल नव्हते. भुजंग घरी येऊन डोक्याला हात लावून बसला, तेव्हा धुरपताबाई म्हणाल्या, "त्यात काय. बॅटरीचे मसाले बसले की आपण काय करतो?" आणि त्यांनी सेल माळवदावर नेऊन कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घातले. दुपारी एकदा परतले. संध्याकाळी ते कुरडयांइतकेच कडक लागत होते. वॉकमनमध्ये घातले तर पेटी बोलली. धुरपताबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की त्याने पुढचं काही विचारलं नाही.

ठरलेल्या संध्याकाळी भुजंगने धुरपताबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने वॉकमन टाकीवर बांधला, पिन खोचली आणि गायरानातून पहिल्या गिअरमध्ये निघाला. स्पीकरमधून बानूबाई, मागून मेंढरं, सगळ्यात मागे धुळीत बिरू. खरी बानूबाई पालावर भाकऱ्या थापत बसली होती आणि आपला आवाज गायरान ओलांडून जाताना ऐकत होती. व्यंकटराव आपल्या बांधावर हात मागे बांधून उभे होते. बन्सीधर आपल्या बांधावर शेंगांच्या ढिगाशेजारी.

गाडी बन्सीधरच्या बांधाशी आली. पुढच्या मेंढरांनी शेंगांकडे पाहिलं, पण हिर्यो, हिर्यो चालूच होतं, म्हणून तीही चालत राहिली. व्यंकटरावांनी हात सोडले.

त्याच वेळी सेलांतलं ऊन संपलं.

बानूबाईचा आवाज आधी जरा जड झाला, सर्दी झाल्यासारखा. मग आणखी खाली उतरला. हिर्यो, हिर्योऽ, हिर्योऽऽ. शेवटी तर तो बाईचा राहिला नाही, माणसाचाही राहिला नाही. म्हशीने विचार करत बोलावं तशी एकेक हाक येऊ लागली. आणि लांबवलेली हाक म्हणजे बसायची. पुढची मेंढरं गुडघे मोडून बसली. त्यांचं बघून मागची बसली. भुजंगने वळून पाहिलं तेव्हा सगळा कळप बन्सीधरच्या रानात शिस्तीने बसलेला होता, इतक्या शिस्तीने की आजवर चहा पाजूनही कधी बसला नव्हता.

बन्सीधर बांधावरून खाली आला. "भुजंग," तो म्हणाला, "बाबा, तू कशाला एवढी तकलीफ घेतली? चालत आली असती की ती."

घरी जाऊन व्यंकटरावांनी बैलवाल्याला निरोप धाडला की बाजाराच्या दिवशी ये, गाडी देतो.

त्या रात्री भुजंग जेवला नाही. सकाळी उठून त्याने गाडी धुतली, पुसली, काच चकचकीत केली. धुरपताबाई बघत होत्या. "इकायचीच हाय तर कशाला एवढी पुसायलास?"

"पुसतो म्हंजी मला काय तरी काम राहील," तो म्हणाला.

तीन रात्री कळप बन्सीधरच्या रानात राहिला. चौथ्या दिवशी बिरू पाल आवरायला लागला, कारण बानूबाईच्या माहेरच्या शिवारात पुढचा मुक्काम ठरला होता. हे कळल्यावर व्यंकटराव चालत तिथे गेले. जाताना त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. भाऊबंदाच्या रानात पाय ठेवायची त्यांची ती दोन वर्षांतली पहिली वेळ.

"बिरू, एक रात तरी माझ्याकडं बस."

"आमाला काय पाटील," बिरू म्हणाला. "रान कुनाचं बी असो. पर चालवनार ही." आणि त्याने बानूबाईकडे मान केली.

"बानू," व्यंकटराव म्हणाले, "हाक मार जरा."

बानूबाई कोकराच्या कानातली गोचीड काढत होती. "मी न्हाई मारत."

"का?"

"माझी हाक पेटीत भरून दिली ना तुमच्या भुजंगला. आता तीच वाजवा. त्या दिवशी इतक्या सालांत पैल्यांदा मी बसून भाकरी केली. दोन्ही अंगानं भाजली. आता घसा फोडनार न्हाई मी."

"अगं, ती पेटी बंद पडती."

"पडती तर भरा तिला. मी बंद पडले तवा कोन भरत व्हतं?"

बिरूने आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं, पण त्याला तिकडे पाहणं सोयीचं होतं.

व्यंकटराव घरी आले, ओट्यावर टेकले आणि भुजंगकडे न बघता म्हणाले, "इकायच्या आधी एकदा वापरून घेऊ म्हनतो."

"काय?"

"आता मलाच इचार काय ते." मग पायात वहाणा सरकवत, "सेल कुठं मिळत्यात?"

पालमला मिळत नव्हते म्हणून एसटीने स्वतः परभणीला गेले. बारीक सेलांची जोडी आणली ती सदऱ्याच्या आतल्या खिशात, रुमालात बांधून. धुरपताबाईंनी ते उन्हात जरा कडक करून देते म्हटलं, तेव्हा त्यांनी खिसा दोन्ही हातांनी झाकला. वॉकमन लुगड्याच्या पट्टीने बांधायलाही नको म्हणाले. "मी धरतो मांडीवर." आणि आयुष्यात ज्या गाडीला त्यांनी बोटाने शिवलं नव्हतं तिच्या गादीवर, भुजंगच्या मागे, धोतर सावरून बसले. जरा दाबून पाहिलं. "गादी बरी हाय," म्हणाले. "साहेबाला कंबरेचं दुखणं आसंल."

संध्याकाळी गाडी बन्सीधरच्या रानात लागली. बिरू मागे काठी घेऊन उभा. व्यंकटरावांनी बटण दाबलं.

आता घोटाळा असा होता की बानूबाईने हाक भरली तेव्हा सेल दमलेले होते आणि पट्टी सावकाश फिरत होती. नव्या सेलांवर ती झपाझप फिरायला लागली. स्पीकरमधून जी बानूबाई बाहेर आली ती दहा वर्षांनी लहान होती आणि तिला कुठेतरी पोचायची भयंकर घाई होती. हिर्योहिर्योहिर्योहिर्यो. कळप एकदम उठला. आधी झपझप चालला. मग दुडक्या चालीवर आला. मग धावायला लागला.

"दादा, हळू करा," भुजंग म्हणाला आणि त्याने दुसरा गिअर टाकला, कारण पहिल्यात राहिलं तर मेंढरं अंगावर येत होती.

व्यंकटरावांनी आवाज कमी केला. त्याने झालं एवढंच की हाक लांब गेली असं समजून मेंढरं जवळ यायला आणखी जोरात धावली. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे रान दिसत नव्हतं, नुसती लोकर दिसत होती. तिच्यावर लांब एक पागोटं वर-खाली होत होतं.

"बंद करू?"

"बंद केलं तर फुटतील. अर्धी बन्सीकाकाकडं परत जातील."

"मग?"

"मग काय, आपलं रान आलं. मी आत घालतो गाडी."

भुजंगने बांधाच्या खिंडीतून बुलेट आत घातली. मेंढरं आत आली. पण थांबायची कशी? पलीकडच्या बांधाच्या पुढे शेजारच्या गावचं शिवार होतं, आणि तिथले दोघे-तिघे उठून या येणाऱ्या खताकडे फार आशेने बघायला लागले होते. भुजंग रानात गोल फिरवायला लागला. कळपही गोल फिरायला लागला. व्यंकटरावांचं धोतर, टोपी आणि विचार, तिन्ही सुटायच्या बेतात आले.

मग त्यांनी मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं. काचेतून दोन चाकं फिरताना दिसत होती. जन्मभर त्यांनी मोट पाहिली होती, रहाट पाहिला होता, बैलगाडी पाहिली होती. फिरणारं चाक जोरात असलं की त्याच्यावर हात ठेवायचा, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी ट्यूबचं कडं उपसलं, झाकण उघडलं आणि एका चाकावर अंगठा टेकवला.

बानूबाई दमली. हिर्यो, हिर्योऽ. त्यांनी आणखी जरा दाबलं. हिर्योऽऽऽ.

धावणारी मेंढरं चालायला लागली. चालणारी थांबली. मग पुढचं एक गुडघे मोडून बसलं, त्याच्या शेजारचं बसलं, आणि बघता बघता सगळा कळप खाली बसला. व्यंकटरावांच्या रानात, बांधापासून बांधापर्यंत. भुजंगने गाडी बंद केली. पण आवाज चालूच होता, सावकाश, घोगरा. बन्सीधर आपल्या बांधावर उभा राहून बघत होता. त्याच्या हातात चहाचं भांडं होतं.

बिरू धापा टाकत आला आणि एका मेंढ्याला टेकून बसला. "पाटील," तो म्हणाला, "मेंढरं पळवून कोनी बसवत न्हाई."

व्यंकटराव गाडीवरून उतरले नाहीत.

"दादा, उतरा की आता," भुजंग म्हणाला.

"थांब. बोट काढलं आन् उठले तर?"

"न्हाई उठायचे. बसले ते बसले."

"तू गप. तुला त्या दिवशी कळलं व्हतं का?" त्यांनी अंगठा जरा सैल करून पाहिला. पुढच्या मेंढीने कान टवकारले. त्यांनी परत दाबला. मेंढीने कान पाडले. व्यंकटरावांच्या तोंडावर जे हसू आलं ते भुजंगने जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ते आणखी दोनदा करून पाहिलं.

तेवढ्यात बांधाकडून एक माणूस आला. बैलवाला होता. उद्याच्या बाजाराचं पक्कं करायला घरी गेला होता, तिथून धुरपताबाईंनी इकडे धाडला होता. त्याने बसलेल्या मेंढरांतून वाट काढत गाडीला फेरी मारली, पेट्या ठोकून पाहिल्या आणि गादीवर बसलेल्या मालकांकडे बघून म्हणाला, "मग काय व्यंकटराव, उद्या सकाळी येऊ का न्यायला?"

"कशाला?" व्यंकटराव म्हणाले.

"गाडी न्यायला."

"हळू बोला," व्यंकटराव म्हणाले. "मेंढरं बसायलेत."